पाय धुण्याचा गुरुवार



पाडवा झाला, ऊसतोडीला गेलेल्या बाया परतू लागल्यात, आणि आमच्या चर्चमध्ये ईस्टरची गडबड सुरू झालीय. "तिथं काय असतं? आम्ही आलो तर चालेल का?" असं बचत गटाच्या बैठकीत तुमच्यातल्या पुष्कळजणी विचारतात. म्हणून आज आम्ही चर्चच्या महिला मंडळाच्या बाया बोलायला आलोय.

आधी तारखेचं. ईस्टर चंद्रावर ठरतो. २१ मार्चपासून जी पहिली पुनव येते, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. यंदा तो ५ एप्रिलला आहे. हनुमान जयंती आणि आमचा पवित्र गुरुवार तर एकाच दिवशी आलेत, २ एप्रिलला. सकाळी मारुतीचा जन्म, संध्याकाळी सहाला आमची भक्ती. वेळा वेगळ्या आहेत, त्यामुळे दोन्हीकडं जाता येईल.

त्याआधी २९ मार्चला झावळ्यांचा रविवार. पोरं शिंदीच्या फांद्या घेऊन गात गावातून फिरतात. तुमची पोरं दरवर्षी मागं लागतातच, तेव्हा त्याबद्दल जास्त सांगत नाही.

सांगायचंय ते गुरुवारचं. मरणाच्या आदल्या रात्री येशूनं कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. हे काम तेव्हा घरच्या गड्याचं. पेत्र नावाचा शिष्य आधी नकोच म्हणाला. त्याची आठवण म्हणून चर्चमध्ये पाय धुतात. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी बारा पुरुषच बसवायची रीत होती. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालसुधारगृहात जाऊन मुलांबरोबर दोन मुलींचेही पाय धुतले. त्यातली एक मुसलमान होती. पुढं २०१६ मध्ये कॅथलिक चर्चचा नियमच बदलला. आमचं चर्च कॅथलिक नाही, पण मोकळ्या विचारांचं आहे. आमच्या पाळक बाई आहेत. त्यांनी ठरवलंय की यंदा बाकावर बायाच बसतील, आणि त्यांच्याबरोबर कमिटीतले पुरुष पाय धुतील.

यावरून कुरकुर झाली बरं का. "बाप्यानं बाईच्या पायाला हात लावायचा?" लग्नात जावयाचे पाय धुतो, पाहुण्यांच्या पायावर पाणी घालतो, सासूचे पाय चेपतो. हे सगळं करते कोण? बाईच. तिचे पाय कुणी धुतले का कधी? उसाच्या फडात चिरलेल्या टाचा, भेगांत बसलेली माती. आमच्यातल्या एकीला तर लाजच वाटतेय, म्हणते, "आधी दगडानं घासून येते." आम्ही म्हटलं, आहे तशीच ये. आणि कोण कुणाचे पाय धुतंय, त्याची जात कुठली, हा हिशेब आपल्या गावात किती जड आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. गुरुवारी तो हिशेब बाजूला राहणार आहे. त्यात विधवाही बसतील, परितक्ताही बसतील.

३ एप्रिलला उत्तम शुक्रवार. दुपारी बारा ते तीन, क्रुसावरच्या सात उद्गारांवर सातजण बोलतात. तहानेचा जो उद्गार आहे, त्यावर टँकरमागं पळणारी आमची एक बाई बोलणार आहे. ती काय बोलेल ते आम्हालाही माहीत नाही.

रविवारी पहाटे पाचला कबरस्तानात भक्ती. रिकामी कबर पहिल्यांदा पाहिली ती बायांनी. त्या सुगंधी मसाले घेऊन गेल्या होत्या. परत येऊन सांगितलं तर पुरुषांना ती वायफळ बडबड वाटली! म्हणून त्या दिवशीचा संदेश आमच्याकडं बाईच देते. रेव्हरंड टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर होतात. त्यांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्यामागं लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, हे आम्ही दरवर्षी मुद्दाम सांगतो.

आता तुमच्या मनातलं. कुणाला काही सोडायला किंवा धरायला सांगणार नाही. नाव, जात विचारणार नाही, वही फिरवणार नाही. प्रभुभोजनाची भाकर बाप्तिस्मा झालेले घेतात. बाकीच्यांनी जागेवर बसून राहावं, कुणी वावगं मानत नाही. घरी सांगून या, सासूलाही घेऊन या.

गुरुवारी बाकावर अजून चार जागा आहेत. ज्यांना बसायचंय त्यांनी बुधवारपर्यंत महिला मंडळात नाव सांगा. रविवारी भक्तीनंतर सगळ्यांचं जेवण आहे. आमटी-भात आम्ही करतोय, भाकरी ज्यानं त्यानं आणायची. पहाटे अंधार असतो आणि ओढ्याकडची वाट खराब आहे, तेवढी बॅटरी जवळ ठेवा.