पाटणहून पाटणला

दुपारचं जेवण उरकून, भांडी पालथी घालून रेडिओजवळ बसलेल्या माझ्या सगळ्या सख्यांना नमस्कार. बचत गटाची समन्वयक म्हणून मी एरवी तुमच्याशी बँक, हप्ते आणि नोंदवह्या यांच्याबद्दल बोलते. आजही कर्जाचीच गोष्ट सांगणार आहे, पण ते कर्ज ना म्हशीसाठी होतं, ना शिलाई मशीनसाठी. ते होतं एका मुलीच्या सहलीसाठी.

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात आमचा अकरा जणींचा एक गट आहे. 2023 च्या ऑगस्टमधली बैठक. बचत गोळा झाली, हप्ते जमा झाले, आणि मग आमच्या एक आक्का हळूच म्हणाल्या, "मला पाच हजार पायजेत."

"कशासाठी?" मी विचारलं.

"लेकीला नेपाळला जायचंय. मैत्रिणींसंगं. फिरायला."

खोलीत एकदम शांतता. मग कुणीतरी हसलं. एक काकू म्हणाल्या, "आगं, आपण अजून जेजुरी-पंढरपूरच्या पुढं गेलो नाय, आन् पोरगी परदेशात?"

आक्कांची लेक सांगलीला वसतिगृहावर राहून बी.एस्सी. शिकत होती. तिच्यासोबत आणखी तिघी जाणार होत्या. एक मिरजेची, एक तासगावची आणि एक कराडची. माणशी खर्च चौदा हजारांच्या आसपास निघत होता. त्यातले नऊ हजार लेकीने स्वतः साठवले होते. कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजनेत ती ग्रंथालयात काम करायची. ही योजना म्हणजे आपल्या कर्मवीर भाऊराव पाटलांची देणगी. 1919 साली कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि गरिबाच्या पोरानं घाम गाळून शिकावं ही रीत घालून दिली. त्या घामातले नऊ हजार होते. कमी पडत होते पाच.

आता खरं सांगते. मीच नाही म्हणाले. "आक्का, गटाचं कर्ज गरजेसाठी असतं. सहल ही हौस झाली. हौसेला कर्ज देता येत नाही." पंचसूत्रीसुद्धा म्हणून दाखवली: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित नोंदी. जणू सहलीला गेल्यावर त्यातलं एखादं सूत्र मोडणारच होतं.

आमच्या गटाच्या सचिव वयानं सगळ्यांत लहान. त्यांनी काही न बोलता कर्जाची वही उघडली आणि वाचायला लागल्या. "लेकीचं लग्न, पंचवीस हजार. पुतणीचं डोहाळजेवण, चार हजार. गावची जत्रा, पाहुण्यांचं जेवण, सहा हजार. लेकाच्या वाढदिवसाचा मंडप, पाच हजार." वही मिटून म्हणाल्या, "ताई, यातली गरज कंची आन् हौस कंची, तेवढं सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लग्नाचे पंचवीस हजार देताना मीच तर ठरावावर सही घेतली होती. मुलीला सासरी पाठवायला कर्ज चालतं. ती आठ दिवस जग बघून परत घरी येणार म्हटलं, की मात्र आपल्याला नियम आठवतात.

मला माझं कॉलेजही आठवलं. बी.ए.ला असताना आमची सहल हंपीला गेली होती. घरी पैसे नव्हते असं नाही. "पोरीच्या जातीला कशाला?" एवढंच कारण होतं. आजवर मी हंपी पाहिलेली नाही.

कर्ज मंजूर झालं. शेकडा दोन रुपये व्याज, पाच हप्ते. आक्का ते दुधाच्या पैशातून फेडणार, असं ठरावात लिहिलं.

मग कागदपत्रांची धावाधाव सुरू झाली, आणि इथे आपण सगळ्यांनी कान द्यावा असं काही कळलं. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, हे पोरींना ठाऊक होतं. पण त्यांना वाटलं आधार कार्ड नेलं की झालं. तसं नाही. त्यांच्या वयाच्या माणसाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आक्कांची लेक एकोणीस वर्षांची, पण मतदार यादीत नाव नव्हतं! सहा नंबरचा फॉर्म भरला आणि कार्ड वेळेत हातात आलं. सहलीच्या निमित्तानं पोरगी मतदार झाली.

पैशांचंही तसंच. त्या वेळी नेपाळमध्ये आपल्या शंभराच्या वरच्या नोटा चालत नव्हत्या. म्हणून शंभराच्या नोटा जमवल्या आणि चार ठिकाणी वाटून ठेवल्या. आपल्या शंभर रुपयांचे तिथले एकशे साठ होतात. हे नियम बदलत असतात, म्हणून जाणाऱ्यानं निघण्याआधी नक्की विचारून घ्यावं.

घटस्थापनेच्या सुमाराला पोरी निघाल्या. "घट बसल्यात आन् पोरगी बाहेर," असंही बोलून झालं. पुण्याहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सोनौलीची सीमा. सीमा म्हणजे काय, तर एक कमान. या बाजूला भारत, चार पावलं टाकली की नेपाळ. घड्याळ फक्त पंधरा मिनिटं पुढं करायचं.

आणि पलीकडे गेल्यावर पोरी चकित झाल्या, कारण त्यांना सगळं वाचता येत होतं! नेपाळी भाषा आपल्यासारखीच देवनागरीत लिहितात. 'चिया पसल' म्हणजे चहाचं दुकान. 'औषधि पसल' म्हणजे औषधाचं दुकान. कितीतरी गाड्यांचे नंबरसुद्धा देवनागरीत. आपल्या शाळेत गिरवलेली बाराखडी परक्या देशात कामाला आली.

लुंबिनीला बुद्धांचं जन्मस्थान पाहिलं. तिथं सम्राट अशोकानं उभारलेला दगडी स्तंभ आहे, सव्वादोन हजार वर्षांहून जुना. मग पोखऱ्याला फेवा तलाव, आणि पहाटे माछापुच्छ्रे शिखर, म्हणजे माशाच्या शेपटीसारखं दिसणारं. तिथून काठमांडू, आणि काठमांडूला लागूनच एक जुनं शहर आहे. त्याचं नाव पाटण! सतराव्या शतकातलं दगडी कृष्णमंदिर, धातूच्या मूर्ती घडवणारे कारागीर. पाटणची पोरगी पाटणला मुक्कामाला. तिनं आईला फोनवर सांगितलं तर आक्कांना वाटलं, ती घरी परत आली!

फोन मात्र रोज लागत नव्हता. आपलं सिमकार्ड तिकडं बंद पडलं होतं. मुक्कामाच्या ठिकाणी वायफाय असेल तेव्हाच बोलणं. हे आधी कुणी आक्कांना नीट सांगितलं नव्हतं. पहिल्याच रात्री फोन आला नाही तेव्हा त्या दहा वाजता माझ्या दारात उभ्या होत्या. ही चूक आमची.

आणि मग 22 ऑक्टोबरचा दिवस उजाडला. रविवार, अष्टमी. सकाळी टीव्हीवर पट्टी आली: नेपाळमध्ये भूकंप. धादिंग जिल्ह्यात, सहाच्या वर तीव्रता, काठमांडूतही धक्के.

मी आक्कांच्या घरी धावले. घटापुढे समई तेवत होती आणि आक्का फोन हातात घेऊन बसल्या होत्या. फोन लागत नव्हता. गटातल्या बायका एकेक करून जमल्या. त्यातल्या एकीच्या तोंडून निघालंच, "म्हणूनच सांगत हुते, कशाला पाठवायचं?"

माझ्या पोटात गोळा आला. तो ठराव माझ्या हातचा होता.

आक्कांनी वर पाहिलं. म्हणाल्या, "भूकंप काय तिकडंच हुतो व्हय? आपल्या कोयनंचा झाला तवा माणसं आपापल्या घरात झोपल्याली हुती."

कुणीच काही बोललं नाही. 11 डिसेंबर 1967 ची ती पहाट आमच्या तालुक्यात आजही सांगितली जाते. सुमारे 180 माणसं गेली. आक्कांचा जन्म त्यानंतरचा, पण सासूनं त्यांना आणि त्यांनी लेकीला एक शिकवलं होतं: घर हललं की आधी उंबऱ्याबाहेर, मग बाकी सगळं.

साडेनऊला फोन आला. पोरी सुखरूप होत्या. खोली हलली तशी हीच सगळ्यात आधी उठली, तिघींना ओढत मोकळ्या चौकात घेऊन गेली. घरमालकीण बाईही तिथंच उभ्या होत्या. 2015 च्या मोठ्या भूकंपात नेपाळात सुमारे नऊ हजार माणसं दगावली, त्यात त्यांचं जुनं घर पडलं होतं. पोरीनं त्यांना मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, आमच्याही पाटणात असंच झालं होतं. त्या बाईंनी तिला जवळ घेतलं आणि चहा पाजला.

आक्कांनी फोनवर एकच विचारलं, "बाहेर हुतीस न्हवं?" आणि मग पदर डोळ्यांना लावला.

दसऱ्यानंतर पोरगी घरी आली. आईसाठी तिनं साडी आणली नव्हती, एक फोटो आणला होता. पोखऱ्याजवळच्या एका गावातल्या पाटीचा. आक्का चौथी शिकलेल्या. त्यांनी फोन लांब धरून एकेक अक्षर लावलं: "आ-मा स-मू-ह." आमा म्हणजे आई. नेपाळात गावोगावी बायकांचे असे गट आहेत. पैसे साठवतात, गावातली वाट नीट करतात, पाहुण्यांना घरी ठेवून चार पैसे मिळवतात. आक्का म्हणाल्या, "म्हंजे आपल्यासारख्याच की!" पुढच्या बैठकीत तो फोटो अकरा जणींच्या हातातून फिरला. आधी हसलेल्या काकूंनी तो सगळ्यात जास्त वेळ पाहिला.

कर्ज पाच हप्त्यांत फिटलं. एकही हप्ता चुकला नाही.

मैत्रिणींनो, प्रत्येकीनं सहलीसाठी कर्ज काढावं असं मी म्हणत नाही. आमच्या गटानं आता वेगळी सोय केली आहे. ज्या घरात शिकणारी मुलगी आहे, तिथं महिन्याला शंभर रुपये वेगळे टाकायचे, तिच्या प्रवासाच्या नावानं. पुण्याला परीक्षेला जायचं असो, हंपी असो नाहीतर नेपाळ. आधी साठवायचं, कमी पडलं तर गट आहेच.

लेक बाहेर निघाली तर तीन गोष्टी करा. तिच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स घरी ठेवा. रोज कुठं मुक्काम, ते कागदावर लिहून घ्या. आणि फोन कधी लागणार नाही, ते आधीच विचारून ठेवा, म्हणजे रात्री दहाला कुणाचं दार वाजवावं लागणार नाही.

आणि पासपोर्ट काढून ठेवा. साधी फी पंधराशे रुपये, मोठ्या माणसाला दहा वर्षं चालतो. लग्न झालेल्या बाईला त्यासाठी विवाहाचा दाखला लागतो, असं अजूनही पुष्कळजणी समजतात. ती अट 2016 च्या डिसेंबरातच काढली आहे. आई किंवा वडील, एकाचं नाव दिलं तरी चालतं. एकट्यानं लेकरं वाढवणाऱ्या बहिणींनी हे ध्यानात ठेवावं.

मागच्या महिन्यात आक्कांनी स्वतःचा फॉर्म भरला. कुठं जाणार, विचारलं तर म्हणाल्या, "ते ठरलं न्हाय. पण कागद तयार असावा."

मी पण माझा भरला आहे. आणि त्याआधी, येत्या दिवाळीनंतर, आम्ही अकरा जणी आणि मी हंपीला जाणार आहोत. त्याला पासपोर्ट लागत नाही.