केसपेपरवरची कोरी जागा



कृत्रिम गुडघ्यांवर आणि रोबोच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियांवर अस्थिरोगतज्ज्ञांच्या या परिषदेत जाणकार बोलणारच आहेत. मी बोलणार आहे ते तुर्भ्याच्या बाजार समितीत ओझी वाहणाऱ्या माणसांच्या कण्याबद्दल.

नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. मुंबईवरचा भार हलका करायचा तर घाऊक बाजारही खाडीपलीकडे न्यावे लागणार होते. पुढे कांदा-बटाटा, मसाला आणि धान्य बाजार इकडे आले. भायखळ्याची भाजी आणि क्रॉफर्ड मार्केटची फळे त्यांच्यामागून आली. बाजाराबरोबर ओझी वाहणारे हे माथाडी आले. त्यांच्यातले कितीतरी सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतल्या दुष्काळी आणि डोंगराळ गावांचे. कोपरखैरणे, घणसोलीत त्यांच्या वसाहती झाल्या. या शहराच्या जडणघडणीत नियोजनकारांची नावे आपण घेतो, ती घ्यावीतच. पण ट्रक रिकामा करणाऱ्या टोळीशिवाय मुंबईच्या ताटात भाजी पडत नाही, हेही तितकेच खरे आहे.

आता शास्त्राकडे येतो. प्रौढ माणसाच्या सांगाड्यात साधारण २०६ हाडे. आपल्याला ती कोरडी, निर्जीव वाटतात, कारण विद्यार्थिदशेत आपण ती पेटीतून काढून हातात घेतलेली असतात. जिवंत हाड सतत मोडत आणि घडत असते. एका जातीच्या पेशी जुने हाड खातात, दुसऱ्या जातीच्या नवे रचतात. दरवर्षी सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा असा नवा होतो. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असते, रक्तपेशी मज्जेत तयार होतात. बर्लिनच्या युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले, की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची आतली रचना बदलत जाते. म्हणून कष्टकऱ्याचे हाड बळकट असते आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचे विरळ होत जाते.

पण दोन मणक्यांमधल्या गादीचे तसे नाही. प्रौढ वयात तिला जवळपास रक्तपुरवठाच उरत नाही. ओल्या स्पंजासारखी ती दाबली जाते, सुटते, आणि भोवतालच्या हाडांतून झिरपणाऱ्या पोषणावर जगते. हाड मोडले तर जुळते. फाटलेली गादी पूर्वीसारखी होत नाही. तिची उंची कमी झाली की कडेची हाडे वाढतात, शिरा दाबल्या जातात, आणि माणूस आपल्याकडे येऊन सांगतो, "डॉक्टर, मणक्यात गॅप आलाय, हाताला मुंग्या येतात."

गोणी डोक्यावर घेऊन सरळ चालणे हा माथाडीच्या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग. घात होतो तो गोणी अंगावर घेताना, आणि थप्पी लावताना मान वळवून ती फेकताना. वाकून उचलताना ओझे कमरेपासून हातभर लांब असते, आणि त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या केंद्रापासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरवर. म्हणून पन्नास किलोच्या गोणीचा कमरेच्या शेवटच्या गादीवर येणारा दाब तिच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. मानेचे मणके तर कण्यातल्या सुट्या मणक्यांत सर्वांत लहान.

आणि आपण काय करतो? एक्स-रे पाहतो, 'वयोमानानुसार झीज' लिहितो, पट्टा देतो, आठवडाभर विश्रांती सांगतो. रोजगार बुडवून विश्रांती घेणे त्याला परवडते का, हे विचारायला आपल्याला वेळ नसतो. केसपेपरवर 'व्यवसाय' अशी जागा असते. बहुतेक वेळा ती कोरी असते, किंवा तिथे नुसते 'नोकरी' लिहिलेले असते. चाळिशीतल्या माणसाची मान साठीतल्या माणसासारखी दिसत असेल तर त्याला वय म्हणणे मला शास्त्रीयदृष्ट्याही मान्य नाही.

हाडांना विचारले तर ती किती सांगतात, त्याचे एक उदाहरण देतो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. घराच्या जमिनीखाली रांजणांत पुरलेली मुले सापडली. सुभाष वाळिंबे यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिथले सांगाडे बारकाईने तपासले. पुढच्या संशोधनात मुलांच्या खुंटलेल्या वाढीवरून त्या गावाचे हलाखीचे दिवसही वाचता आले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या हाडांना आपण इतके प्रश्न विचारले. समोर स्टुलावर बसलेल्या माणसाला, ज्याला तोंड आहे, एकही विचारत नाही.

यात कायद्याचाही भाग आहे. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने त्यांच्यासाठी कायदा केला. देशात असा कायदा आधी नव्हता. मंडळ आले, नोंदणी आली, भविष्यनिर्वाह निधी आला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच सुचवले होते, की प्रौढ पुरुषाने वाहायचे ओझे ५५ किलोंच्या वर असेल तर ते कमी करण्याचे उपाय करावेत. आपल्या माथाडींनीही पन्नास किलोंच्या वरच्या गोणीविरुद्ध पुन्हा पुन्हा आवाज उठवला. ती मागणी मजुरीच्या वादातली म्हणून बाजूला ठेवली जाते. ती वैद्यकीय मागणी आहे, आणि तिच्या बाजूने उभे राहणे हे आपले काम आहे. त्यासाठी आपल्याजवळ आकडे हवेत, आणि आकडे येणार ते केसपेपरवरूनच.

मसाला बाजारात मिरची निवडत दिवसभर बसणाऱ्या बायकांचेही असेच. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाड झपाट्याने विरळ होते. त्यांना महागड्या पावडरींची चिठ्ठी देण्याआधी नाचणीची भाकरी सांगा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. अंगावर ऊन पडते का, तेही विचारा. छपराखाली जाणारा दिवस त्यांचाही आहे आणि ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत बसणाऱ्या मुलींचाही.

माझा प्रस्ताव छोटा आहे. या शहरातल्या प्रत्येक अस्थिरोग बाह्यरुग्ण विभागात चार प्रश्न छापून घ्यावेत: काम कोणते, किती वर्षे, ओझे किती किलोंचे, ते डोक्यावर घेता की पाठीवर. वर्षाअखेरीस या नोंदी एकत्र करून माथाडी मंडळापुढे आणि कामगार विभागापुढे ठेवाव्यात. मसुदा मी बरोबर आणला आहे. जेवणानंतरच्या सत्रात तो तुमच्या हातात देतो. त्यात काय वाढवायचे, काय गाळायचे ते तिथेच ठरवू.