वसंतातले रान

(संस्थेच्या पालक मेळाव्यातील भाषण)



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत वसंत येतो तो बागेत नव्हे, रानात. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण आपण सारेच वापरतो. पण फाल्गुनात पळस पाहाल तर ती तीनही सापडायची नाहीत. पाने गळलेली आणि सारे झाड केशरी फुलांनी पेटलेले! उर्दूत या फुलाला टेसू म्हणतात. हे नाव घरात ऐकणाऱ्या किती मुलांनी ते फूल हातात घेतले आहे, हे आज घरी गेल्यावर विचारून पाहा.

मागे एका मार्च महिन्यात आम्ही पाच मित्र आलापल्लीच्या जंगलात दिवसभर पायी हिंडलो. वनखात्याची रीतसर परवानगी होती, सोबत वनरक्षक होते. तेथे 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या नावाने राखलेला जुन्या सागाचा तुकडा आहे, सुमारे 6 हेक्टरचा. 2014 साली तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. सागाची वाळकी पाने पायाखाली पापडासारखी मोडत होती. वाटेत एका पळसावर साळुंक्यांची नुसती झुंबड. मध प्यायचा आणि डोक्याला लागलेले पराग दुसऱ्या फुलाला द्यायचे, असा तो व्यवहार. पुढे मोहाखाली सडा पडलेला. मोह रात्री उमलतो आणि पहाटे गळतो. ते फूल अस्वलाला हवे, चितळाला हवे आणि गोंड कुटुंबाच्या टोपलीलाही हवे. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा कोणीतरी जाळला होता. अशाच आगी पुढे पसरतात आणि कोवळी रोपे जातात, असे वनरक्षक म्हणाले. पण उन्हाळ्याची मिळकत त्या फुलांवर असलेल्या माणसाला नुसता उपदेश करून भागणार नाही, असे मला वाटते.

"वाघाचे काय?" असे माता-भगिनी विचारतात. या भीतीची मी थट्टा करणार नाही. मोह वेचताना, तेंदूपाने तोडताना आपल्या जिल्ह्यांत माणसे मारली गेली आहेत. भल्या पहाटे, वाकून, एकटेदुकटे काम करणारी ती गरीब माणसे होती. म्हणून आपण ऊन वर आल्यावर निघावे, जथ्याने चालावे, वनरक्षकांशिवाय पाऊल टाकू नये. ताडोबाच्या गाभ्यात तर पायी फिरण्यास मनाईच आहे. तेथे गाडीतूनच पाहावे.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. मुलांच्या सहलीची संमतीपत्रे दोन दिवसांत सही होऊन येतात; मुलींची येतात ती कोरी. वाघ काय मुलगा-मुलगी पाहून येतो? मग अडचण वाघाची नाही, आपली आहे.

येत्या फाल्गुनात पहिली फेरी नववीच्या मुलींची काढायचे ठरले आहे. शिक्षिका सोबत राहतील. संमतीपत्रे कार्यालयात ठेवली आहेत, आणि ज्या आईला लेकीबरोबर यायचे असेल तिच्यासाठी गाडीत जागा धरली आहे. डबा मात्र घरून आणावा.