पत्र्याचा कूलर : घडण आणि बदल

कूलर हे पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारे यंत्र आहे. एक लीटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. ओल्या ताटीतून जाणाऱ्या हवेतूनच ती घेतली जाते आणि हवा थंड होते. तासाला ८ लीटर पाणी उडवणारा कूलर ५ किलोवॉटहून अधिक उष्णता शोषतो. त्याच्या पंख्याला आणि पंपाला मिळून वीज लागते ती साधारण २०० वॉट. या गारव्याला निसर्गानेच एक सीमा घातली आहे. तापमापीच्या टोकाला ओले फडके गुंडाळून ती वाऱ्यात धरली, तर पारा जिथे थांबतो त्याच्या खाली हवा जात नाही. बाहेर ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हा पारा २२ अंशांच्या आसपास थांबतो, आणि चांगली ताटी हवेला २६ अंशांपर्यंत आणून सोडते. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना तीच ताटी जेमतेम दोन अंश कापते. कूलर बिघडलेला नसतो. हवेत पाणी घ्यायला जागाच उरलेली नसते.

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याचा पांढुर्णा-सौंसर हा पट्टा या यंत्राला फार सोयीचा आहे. छिंदवाड्याचे पठार चढून गेले की उन्हाळा सौम्य होतो. घाटाखालचा कापसा-संत्र्याचा काळ्या मातीचा मुलूख मात्र विदर्भाच्या उन्हाचा. होळी झाली की हवा कोरडी पडू लागते, मे अखेरच्या नवतप्यात ती सर्वांत जास्त तापते आणि मृगाच्या पहिल्या सरींनी ओली होते. कूलरचा हंगामही तेवढाच. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली. बाजाराची ओढ मात्र पूर्वीपासून नागपूरकडेच आहे. त्यामुळे नागपुरी उन्हाळ्याने घडवलेला पत्र्याचा कूलरच या दोन्ही गावांच्या खिडक्यांना लागला.

या यंत्राचा मूळ भाग ताटी हा आहे, आणि तो विजेहून कितीतरी जुना. वाळ्याची मुळे बांबूच्या चौकटीत भरून ती दारा-खिडकीला लावायची आणि वर पाणी शिंपडत राहायचे, ही रीत उत्तर आणि मध्य भारतात शतकानुशतके चालत आली. अकबराच्या दरबारातील खसखान्याचा उल्लेख ऐन-ए-अकबरीत आहे. ताटीची उणीव एकच होती: वारा पडला की ती निकामी. १८३० च्या दशकात उत्तर हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बंगल्यांत ‘थर्मँटिडोट’ नावाची पेटी दिसू लागली, तिने ही उणीव भरून काढली. माणसाहून उंच लाकडी पेटी, बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत आडव्या दांड्यावर बसवलेली पंख्याची पाती आणि बाहेरून दांडा फिरवणारा नोकर. पाती फिरली की हवा ताट्यांतून आत ओढली जाई आणि खिडकीवाटे खोलीत येई. धान्य उफणण्याच्या यंत्राचीच ही जात होती. आजच्या कूलरची सगळी मांडणी या पेटीत पूर्ण झालेली आहे: ताटी आधी, पंखा नंतर, पाणी वरून खाली. पुढचे बदल या मांडणीला धक्का न लावता झाले. त्या नोकराची मेहनत मात्र विसरता येत नाही. साहेबाचा गारवा कुणाच्या तरी दंडांतून येत होता.

विजेची मोटर आल्यावर नोकराची गरज संपली. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना प्रांतात १९३० च्या दशकात लोकांनी घरच्या घरी लाकडी चौकट, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणि टेबलपंखा जोडून कूलर बनवले. जाळीच्या दोन पदरांत अ‍ॅस्पेन झाडाच्या लाकडाचे कुरळे, बारीक तंतू भरलेले असत. हेच तंतू पुढे भारतात वुडवूल म्हणून आले आणि महागड्या वाळ्याच्या जागी ताटीत बसले. वाळ्याचा सुगंध त्यांना नाही. पण ते पाणी चटकन सोडतात, हलके असतात आणि स्वस्त पडतात.

पत्र्याचा कूलर ही या साऱ्यातून निघालेली देशी आवृत्ती. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची चौकोनी पेटी, खाली पाण्याची टाकी, तीन बाजूंना जाळीच्या चौकटीत ताट्या, चौथ्या बाजूला पंखा आणि त्यापुढे हवा वळवणाऱ्या पट्ट्या. टाकीतला लहानसा पंप पाणी वर चढवतो, ताट्यांच्या माथ्यावरच्या भोके पाडलेल्या नळीतून ते झिरपते आणि भिजवून उरलेले पुन्हा टाकीत पडते. लोखंडी घोडीवर ठेवलेली ही पेटी खिडकीच्या बाहेर बसते, म्हणजे बाहेरची कोरडी हवा तिला मिळते. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते. ती बंद केली की खोलीतली हवा दमट होते आणि अंग चिकचिकते. कूलर घेणाऱ्याला हे कुणी सांगत नाही, आणि मग दोष यंत्राला दिला जातो.

या पेटीत झालेले बदल लहान दिसतात, पण ते हाताला कळणारे आहेत. ज्या कूलरला पंप नव्हता त्याच्या ताट्यांवर बादलीने पाणी मारावे लागे. पंपाने रात्रीची झोप दिली. चौकटीला कड्या आणि आकडे आल्यामुळे ताटी बदलणे पाच मिनिटांचे काम झाले. टाकीला तरंगत्या गोळ्याची तोटी बसली आणि पाणी भरण्याची आठवण ठेवावी लागेना. टेबलपंख्याच्या अरुंद पात्यांऐवजी एक्झॉस्टची रुंद पाती आली; ओल्या ताटीचा अडथळा सोसूनही ती हवा ओढतात. खोलीभर हवा फिरवण्यासाठी पट्ट्यांना स्वतंत्र मोटर लागली. हे बदल एखाद्या मोठ्या कारखान्याच्या नकाशावर जन्मले नाहीत. पत्रा कापणारा, पाती बसवणारा आणि गिऱ्हाईक यांच्या रोजच्या बोलण्यातून ते झाले. म्हणूनच पत्र्याच्या कूलरचा प्रत्येक भाग वेगळा विकत मिळतो: मोटर, पंप, पाती, ताटी, नळी, स्विच. तळ गंजला तर नवा पत्रा जोडून घेता येतो. यंत्राच्या रचनेतला हा फार मोठा गुण आहे, आणि त्याची नोंद जेवढी व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

पत्र्याकडून प्लॅस्टिककडे जाण्याची वाट घरगुती यंत्रांच्या इतिहासात आधी एकदा चालून झाली होती. अमेरिकेत मोटर आणि पंख्याचे जे यंत्र घरोघरी गेले ते उभा व्हॅक्यूम क्लीनर. ओहायोतील जेम्स मरे स्पँगलर यांच्या पेटंटवर हूवर कंपनीने तो १९०८ मध्ये बाजारात आणला: खाली धातूच्या कवचात मोटर व पंखा, मागे लांब दांडा, दांड्याला कापडी पिशवी. १९२६ मध्ये गालिचा हलके थोपटून धूळ उडवणारा फिरता रूळ आला. १९३६ मध्ये हेन्री ड्रेफस यांनी मॉडेल १५० साठी बेकेलाइटचे गुळगुळीत कवच आखले आणि यंत्र पहिल्यांदा ‘दिसण्यासाठी’ घडवले गेले. पण कवचाखाली एक जुनी अडचण तशीच होती. उभ्या क्लीनरमध्ये धूळ आधी पंख्यातून जाई आणि मग पिशवीत पडे, त्यामुळे खडा आला की पाते तुटे. गाळण आधी आणि पंखा नंतर अशी मांडणी इलेक्ट्रोलक्सच्या आडव्या क्लीनरमध्ये १९२१ पासून होती. हूवरच्या उभ्या क्लीनरमध्ये ती १९६३ च्या डायल-ए-मॅटिकमध्ये आली. कूलरच्या बाबतीत हा प्रश्न थर्मँटिडोटनेच सोडवून ठेवला होता. उभ्या क्लीनरला त्यासाठी अर्धशतक लागले.

भारतात प्लॅस्टिकच्या कूलरची लाट १९८८ मध्ये अहमदाबादेत सुरू झालेल्या सिम्फनीने आणली. साच्यातून निघणारी पेटी गंजत नाही, वजनाला हलकी असते, चाकांवर फिरते आणि बैठकीत शोभते. पेटी उभी आणि अरुंद झाली तशी पंख्याची जातही बदलली. पुढे हवा फेकणाऱ्या पात्यांऐवजी पिंजऱ्यासारखा गोल ब्लोअर आला. तो कमी हवा देतो, पण ती दूरवर ढकलतो. लहान खोलीला तो पुरतो. सौंसरकडच्या मोठ्या, उंच छताच्या घरांना मात्र अजूनही पत्र्याचा १८ इंची पंखाच लागतो. शिवाय साच्यातून निघालेल्या पेटीचा एक कोपरा तडकला की तो जोडणारा कारागीर गावात सापडत नाही. पेटी देखणी झाली आणि परस्वाधीनही.

ताटीतला मोठा बदल मात्र निखळ लाभाचा ठरला. वुडवूल एका हंगामात बसते, काळे पडते, त्याला कुबट वास येतो आणि त्याचे तुकडे हवेबरोबर खोलीत उडतात. ते जिथे दबते तिथे भोक पडते आणि त्यातून गरम हवा सरळ आत येते. स्वीडनचे संशोधक कार्ल मुंटर्स हे मोटरशिवाय चालणाऱ्या शोषण पद्धतीच्या रेफ्रिजरेटरचे सहसंशोधक. त्यांच्या कंपनीने राळेत भिजवून कडक केलेल्या नागमोडी कागदाचे थर उलटसुलट तिरके चिकटवून नवी ताटी केली. बाजारात तिला हनीकोंब म्हणतात. तिच्या एका घनमीटरात सुमारे ४०० चौरस मीटर ओला पृष्ठभाग मावतो. हवा वाकड्या वाटांनी जाते, प्रत्येक वळणावर पाण्याला भिडते, आणि तरी वाट मोकळी असल्यामुळे पंख्यावर ताण येत नाही. जाडी ९ ते १० सेंटीमीटर असल्याने जुन्या पत्र्याच्या चौकटीत ती तशीच बसत नाही. म्हणून पत्र्याच्या कूलरचे कारागीर आता खोल चौकटी करू लागले आहेत. दोन पिढ्यांच्या रचनांचा हा सर्वांत चांगला मेळ आहे. या ताटीचा शत्रू एकच: विहिरीचे आणि बोअरचे जड पाणी. पाणी उडते, क्षार मागे राहतात, आणि टाकीतले पाणी बदलले नाही तर कागदाच्या वाटा पांढऱ्या खरपुडीने बुजतात.

टाकी वारंवार रिकामी करण्याचे याहून गंभीर कारण आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला अंडी घालतो, आणि उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी कोरड्या टाकीतही काही महिने टिकतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कडा घासाव्या लागतात. जुन्या कूलरच्या टाकीत हात नीट पोचत नाही आणि निचऱ्याची तोटी तळापासून बोटभर वर असते, ही रचनेतली चूक आहे. तळ उतरता करून तोटी अगदी खाली बसवणे एवढाच तिचा उपाय.

दुसरी चूक जिवावर बेतणारी. पाणी, वीज आणि लोखंड एकाच पेटीत आले आहे, आणि कूलरचा धक्का बसून माणूस गेल्याची बातमी दर उन्हाळ्यात येते. पंपाच्या वायरीचे आवरण झिजले की सगळा पत्रा जिवंत होतो. तीन पिनांचा प्लग, घराचे खरे अर्थिंग आणि ३० मिलिअँपियर गळतीला वीज तोडणारे यंत्र, या तिन्ही गोष्टी कूलरच्या किमतीपुढे किरकोळ आहेत. प्लॅस्टिकच्या पेटीने हा धोका बराच कमी केला, आणि तिच्या बाजूने बोलणारी ही सर्वांत वजनदार गोष्ट आहे. टाकीत पाणी घालण्याआधी प्लग काढावा हा नियम दोन्ही पेट्यांना सारखाच लागू आहे.

अलीकडचा बदल मोटरीत आहे. ब्रशशिवाय चालणारी, कायमचुंबकाची बीएलडीसी मोटर तेवढीच हवा निम्म्याच्या आसपास विजेत देते आणि इन्व्हर्टरवर अधिक वेळ चालते. उन्हाळ्यात वीज जाणाऱ्या गावांत हा फरक रात्रभरचा असतो. ती जुन्या मोटरीच्याच जागी, त्याच चार बोल्टांवर बसेल अशी मिळाली, तर पत्र्याच्या पेटीतही ती घालता येते. तेव्हा मोटर घेताना दांड्याची जाडी, पात्याचा व्यास आणि बोल्टांमधले अंतर ही तीन मापे सोबत न्यावी लागतात.