फोटोतली माणसं, नावासकट



१९३९ साली वाशीममध्ये एक ताम्रपट उजेडात आला. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतला राजा दुसरा विंध्यशक्ती, त्याचा हा चौथ्या शतकातला दानलेख. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. नांदेडकडचं एक गाव राजानं काही ब्राह्मणांना दान दिलं, त्याची ही सनद. दान कोणाला मिळालं, कोणाचं गोत्र कोणतं, सगळं त्यात कोरलेलं आहे. म्हणून सोळाशे वर्षांनंतरही ती माणसं आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत.

आता त्याच्या पुष्कळ अलीकडे येऊ. १९१६ साली रसेल यांनी रायबहादूर हिरालाल यांच्या मदतीनं लिहिलेला, मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात बंजारा स्त्रियांचे फोटो आहेत. डोक्यावर शिंगासारखा उंच साज, अंगभर दागिने. खाली मात्र बंजारा स्त्रिया म्हणून नुसती ओळख. त्या कोण, कोणाच्या लेकी, कोणत्या तांड्यावरच्या, काही नाही. हेच हिरालाल पुढे १९२६ साली हस्तलिखितांची मोठी सूची प्रसिद्ध करतात. तिच्यात आपल्या कारंज्याच्या जैन भांडारांतल्या पोथ्या आहेत. पोथी कोणी लिहिली, कोणी लिहवून घेतली, हे अशा पोथ्यांच्या शेवटी नोंदवायची चाल होती. ताम्रपटातल्या माणसाला नाव आहे, पोथी लिहिणाऱ्याला नाव आहे, आणि कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष उभ्या राहिलेल्या बाईला नाही. मला हे फार लागतं.

हे आज सांगायचं कारण आपल्याच घरांत आहे. इंग्रजांच्या काळातला बाशीम जिल्हा १९०५ साली मोडला. वाशीम पुन्हा जिल्हा झालं ते १ जुलै १९९८ रोजी. मधल्या त्र्याण्णव वर्षांचं सरकारी दफ्तर बाहेरगावी. आणि दफ्तरात तरी काय, सातबारा, आणेवारी, खटले. पैनगंगेच्या खोऱ्यातला शेतकरी कसा दिसायचा, अरुणावतीकाठच्या तांड्यावर लग्नाला कोण कोण जमलं होतं, हे त्यात मिळायचं नाही. ते ओसरीवरच्या चौकटीत, कपाटातल्या पिशवीत, लोखंडी पेटीच्या तळाशी आहे.

असा एखादा फोटो हातात घेऊन नीट बघा. पोळ्याचा असेल. मधोमध सजवलेली जोडी, बाजूला धोतर आणि पटका घातलेले दोघे, मागे धाब्याचं घर. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवलात तर ते आधी बैल ओळखतं. "हा तं आपला पांढऱ्या!" मग बैलावरून मालक निघतो, मालकावरून वाडा, वाड्यावरून भावकीची वाटणी. एका फोटोनं दुपार सरते. लग्नाच्या फोटोत मागे दमणी उभी असते. आज ती कितीशा गावांत राहिली? खळ्यावरच्या फोटोत ज्वारीच्या कणसांची रास असते, घरापुढे कापसाचा ढीग. आज त्याच शेतांत सोयाबीन आहे. पीक बदललं, त्याबरोबर कडबा गेला, बैल कमी झाले, गड्याचं काम बदललं. हे सगळं त्या फोटोंत आहे, पण वाचायला कोणी तरी बसलं पाहिजे.

तांड्यावरच्या फोटोंचं मोल तर आणखी वेगळं. आजी फेटिया-कांचळीत, सून लुगड्यात, नात शाळेच्या गणवेशात, अशा तीन पिढ्या एका चौकटीत दिसतात. पोहरादेवीला बंजारा समाजाचं मोठं संग्रहालय २०२४ साली उभं राहिलं, त्याचा आनंद आहेच. पण तुमच्या आजीचं नाव तिथे कोणी सांगणार नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल. आणि बाईचं नाव विचाराल तेव्हा अमक्याची माय, तमक्याची सून, यावर थांबू नका. तिचं स्वतःचं नाव विचारा, माहेरचं गाव विचारा. पुष्कळ घरांत हे सांगू शकणारं एकच माणूस उरलेलं असतं.

आता थोडं कामाचं. फोटोच्या मागे बॉलपेननं लिहू नका. दाब पुढच्या बाजूला उमटतो, शाई पसरते. मऊ शिसपेन्सिल घ्या, कडेला हलक्या हातानं नावं लिहा, डावीकडून उजवीकडे, गाव आणि अंदाजे साल. सालाची आठवण नसेल तर "बहात्तरच्या दुष्काळाआधी", "थोरलीच्या लग्नानंतर" एवढंही चालेल. ओलीमुळे फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट मोबाइलनं टिपून घ्या, दारातल्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून. फोटोला लॅमिनेशन करू नका. काळे-पांढरे फोटो बरेच टिकतात; सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो मात्र लालसर पडत चालले आहेत. निळा रंग आधी उडतो. म्हणून कामाला लागताना रंगीत फोटो आधी घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे जातात.

आणि बोलणं चालू असताना मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, अर्थात विचारूनच. ती वऱ्हाडी, ती गोरबोली, बोलणाऱ्याचा तो आवाज, हेही जपायचं आहे. एक प्रत गावच्या शाळेत द्या, एक वाचनालयात. एखादा चेहरा कोणालाच ओळखू आला नाही, तर तेवढी जागा मोकळी सोडा आणि तो फोटो येत्या यात्रेला बरोबर घेऊन जा. लेकी माहेरी आलेल्या असतात. त्यांच्यातली एखादी ओळखेल.