खणातला बॅज

नाइट ड्युटी संपवून थेट एसटीनं इथे पोहोचलेल्या माझ्या एक्स-रे तंत्रज्ञ बंधू-भगिनींनो,

जेवणानंतरचं सत्र आहे, तेव्हा लांबण लावत नाही.

रोंटगेननं क्ष-किरण १८९५ च्या नोव्हेंबरात पाहिले आणि वर्ष-दीड वर्षात माणसांचे हात भाजू लागले. एडिसनचा सहायक क्लॅरन्स डॅली या किरणांपायी हात गमावून १९०४ मध्ये गेला. अशा बळींचं स्मारक १९३६ साली हॅम्बुर्गला उभं राहिलं. त्या पिढीला धोका ठाऊक नव्हता. आपल्याला ती सबब नाही.

तरीही आपल्या कितीतरी विभागांत टेबलाचा खण उघडला की स्टेपलर, जुन्या पावत्या आणि त्यांच्या खाली किरणांचा डोस मोजणारा टीएलडी बॅज सापडतो. तो छातीवर का नाही, असं विचारलं की उत्तर येतं, "रीडिंग जास्त आलं तर चौकशी लागते, साहेब." काही जण उलटं करतात. बॅज ॲप्रनला लावून तो ॲप्रन एक्स-रे रूममध्येच खुंटीला टांगतात. मग माणूस घरी झोपलेला असतानाही बॅज डोस खात राहतो, आणि त्या रीडिंगचा खुलासा देता देता नाकी नऊ येतात.

बॅजमध्ये तीन छोट्या चकत्या असतात. किरणांची ऊर्जा त्या साठवून ठेवतात. प्रयोगशाळेत तापवल्या की त्या प्रकाश देतात, आणि त्या प्रकाशावरून डोस मोजला जातो. बॅज किरण अडवत नाही, फक्त हिशेब ठेवतो. जागा ठरलेली आहे: छातीवर, ॲप्रनच्या आत. आपल्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. नीट काम करणाऱ्या साध्या एक्स-रे विभागातल्या माणसाचा डोस याच्या कितीतरी खाली राहतो. खणातला बॅजही शून्यच दाखवतो. पण तुमचं काम खरोखर सुरक्षित होतं की नाही, हे त्या शून्यावरून कुणालाच कळत नाही.

आता किरणांपासून वाचायचं कसं? वेळ, अंतर, आडोसा हे तिन्ही शब्द आपण परीक्षेत लिहून आलो. मला त्यातलं अंतर सर्वांत प्रिय, कारण त्याला मालकाची मंजुरी लागत नाही. आपल्यापर्यंत येतात ते मुख्यतः रुग्णाच्या अंगावरून विखुरलेले किरण. रुग्णापासून एक मीटरवर त्यांची तीव्रता मूळ किरणांच्या साधारण हजाराव्या भागावर येते, दोन मीटरवर त्याचीही चौथाई. म्हणून आयसीयूत पोर्टेबल मशीन नेलं की बटणाची कॉर्ड पूर्ण ताणा आणि "एक्स-रे!" असं मोठ्यानं ओरडा. शेजारच्या कॉटवरचे आजोबा दचकले तरी चालतील.

आणि लहान मुलं. दीड वर्षाचं पोर छातीच्या फोटोसाठी येतं, आकांत करतं, आणि आपण हाक मारतो वॉर्डबॉयला. उद्याही त्यालाच, परवाही त्यालाच. त्याच्याकडे ना बॅज, ना ॲप्रन. धरायचंच झालं तर बापानं धरावं, किंवा गरोदर नसलेल्या आईनं, आणि तेही ॲप्रन घालून. ॲप्रन घडी करून कोंबू नका, आतलं शिसं तडकतं. शंका असेल तर त्या ॲप्रनचाच एक्स-रे काढा, भेग लगेच दिसते.

रुग्णांची भीती मात्र भलतीकडेच असते. सोनोग्राफीला घाबरतात, त्यात हे किरण नसतातच. मशीन बंद झाल्यावरही खोलीत पाऊल टाकत नाहीत. त्यांना सांगा, बटण सुटलं की किरण संपले. किरणोत्सारी कोबाल्टचं तसं नाही, त्याला बटण नसतं. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातलं वापरातून गेलेलं एक गॅमा उपकरण भंगारात विकलं गेलं. मायापुरीच्या बाजारात ते फोडताना आतलं कोबाल्ट-६० उघडं पडलं, अनेकांना इजा झाली आणि एका कामगाराचा जीव गेला. त्या कामगाराला धातूचा भाव माहीत होता, ती वस्तू काय आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्याची जबाबदारी ती वापरणाऱ्या शिकलेल्या माणसांची होती.

आज सभागृहात काही रुग्णालयांचे मालकही आहेत, म्हणून एक स्पष्ट बोलतो. बॅजची वर्गणी आणि नवा ॲप्रन हा खर्च वाचवण्याचा नाही. तंत्रज्ञ महिलेनं दिवस राहिल्याचं कळवलं की त्यानंतर गर्भाला मिळणारा डोस १ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवायचा असतो. तिनं हे बिनधास्त सांगावं आणि त्यापायी तिची नोकरी जाऊ नये, एवढं तुमच्या हातात आहे.

आणि माझ्या सहकाऱ्यांनो, सोमवारी कामावर गेलात की पहिला फोटो काढण्याआधी खण उघडा आणि बॅज छातीवर लावा. वॉर्डबॉयसाठीही एक मागून घ्या. कार्यालयानं नाही म्हटलं, तर लेखी मागा.