सुभेदार रामजींची जागी रात्र

(परळी वैजनाथ येथे विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नाही. जिनिंग मिलमध्ये कापसाच्या गाठी ओढण्यात आमची तीस वर्षं गेली. शाळा सातवीपर्यंत. पुढं जे काही शिकलो ते विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून. तेव्हा काही उणंअधिक बोललो तर पोटात घाला.

माता रमाईच्या त्यागावर आपण दरसाल बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण बाबासाहेबांच्या वडिलांचं, सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचं नाव जयंतीच्या भाषणात एका ओळीत येतं आणि जातं. आज आम्ही त्या बापाचंच सांगणार आहोत. परळीत उभं राहून मुंबईच्या परळची गोष्ट सांगणार आहोत.

घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावचं. वडील मालोजी फौजेत होते, रामजीही फौजेत गेले. तिथं शिकले, पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक झाले, सुभेदार झाले. १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथं चौदावं अपत्य जन्माला आलं, ते आपले भीमराव. चौदातली बरीच लेकरं आधीच गेली होती. पुढं साताऱ्यात भीमाबाई गेल्या. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचे.

पेन्शनीत भागेना म्हणून रामजींनी खटाव तालुक्यात नोकरी धरली. दुष्काळातल्या लोकांना काम मिळावं म्हणून सरकारने तिथं तळं खोदायला काढलं होतं, त्यावर ते रोखपाल होते. १९०१ साली लेकरं बापाला भेटायला निघाली. मसूर स्टेशनला उतरली तर न्यायला कोणी नाही. पत्र बापाच्या हाती पडलंच नव्हतं. जात कळल्यावर गाडीवान मिळेना, वाटेत पाणी मिळेना. रात्र तहानेत काढली. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. लेकरं पोचली तेव्हा त्या बापाला काय वाटलं असेल? आमचा बाप १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होता. आम्ही पाच वर्षांचे. कामावरची सुकडी तो फडक्यात बांधून आमच्यासाठी घरी आणायचा. म्हणून हा प्रसंग वाचताना आमचे डोळे भरून येतात.

पुढं कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आलं. गिरणी कामगारांची वस्ती, एक खोली, तीच चूल, तिथंच अंथरूण. रामजी पोराला रात्री लवकर झोपवायचे आणि स्वतः जागत बसायचे. दोनच्या ठोक्याला त्याला उठवायचे, दिव्यापुढं बसवायचे आणि मग स्वतः पाठ टेकायचे. पोरानं पुस्तक मागितलं आणि खिशात पैसा नसला तर लग्न झालेल्या लेकींच्या दारात जायचे. एकीकडून उसने घ्यायचे, नाहीतर दुसरीचा दागिना मागून गहाण टाकायचे. पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. फौजेतला सुभेदार! पण पुस्तकासाठी हात पसरायला तो लाजला नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सत्काराच्या सभेत केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. बंधूंनो, आपण आज ज्या विहारात बसलो आहोत त्याची पहिली वीट तिथं पडली असं आम्ही मानतो. आणि ती वीट झेलणारा हात त्या जाग्या बापानं तयार केला होता.

१२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंतराव जन्मले. रामजींना नातू झाला. जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीवर गेले. ते जाणं म्हाताऱ्याला पसंत नव्हतं. थोड्याच दिवसांत तार गेली, वडील आजारी. परतताना बापासाठी मिठाई घ्यावी म्हणून भीमराव सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. घरी पोचले तेव्हा बापाची नजर त्यांनाच शोधत होती. पोराच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. नातू झाल्याला बावन्न दिवस झाले होते. त्याच वर्षी पोरगा अमेरिकेला गेला, ते बघायला बाप राहिला नाही.

आता आमचं ऐका. आमचा थोरला दहावी पास झाला तेव्हा त्याचे मास्तर घरी आले. म्हणाले, पोरगं हुशार आहे, शिकवा. आम्ही म्हणालो, चार पैसे आले तर घर चालंल. आणि त्याला मिलमध्ये नेला. पोरगं काही बोललं नाही, दप्तर खुंटीला टांगलं. ज्यानं रामजींची गोष्ट दहा सभांत सांगितली, त्यानंच घरात असं केलं. ही चूक दुसऱ्या कुणाची नाही, आमची आहे, आणि या भिंतींसमोर आम्ही ती कबूल करतो.

आज त्याच पोराची लेक सातवीत आहे. रात्री ती अभ्यासाला बसली की आम्ही शेजारी बसतो. तिच्या गणितातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही. आम्ही नुसतं जागतो. पण म्हातारा जागा आहे म्हटल्यावर तीही डुलकी घेत नाही.

आपल्या वस्तीत कितीतरी घरं एका खोलीची आहेत. एकीकडे टीव्ही, एकीकडे भांडण, मधे लेकरू. म्हणून समितीला एकच विनंती. परीक्षेच्या दिवसांत रात्री विहार उघडा ठेवा. दिवा असू द्या, प्यायला पाणी असू द्या, आणि रोज एक बाप किंवा आजोबा तिथं जागा बसू द्या. शिकलेलाच पाहिजे असं नाही, जागणारा पाहिजे. मिलमध्ये पाळ्या लागतात तशा पाळ्या लावा. पहिली पाळी आमची लिहून घ्या.

सुभेदार रामजींना त्रिवार अभिवादन करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

जय भीम! नमो बुद्धाय!